टिंबांच्या पुतळ्याचा गोंधळ

मित्रांनो, मी एक जुना रबरी पुतळा आहे. हातभर उंच, अंगभर काळी टिंबं. एकेक टिंब म्हणजे ॲक्युपंक्चरची सुई टोचायची जागा. चीनमधल्या सुयांच्या बातम्यांनी अमेरिकेत एकदम कुतूहल वाढलं, त्या सुमाराला मी शांघायहून बोटीनं आलो. भूलतज्ज्ञ डॉ. प्रल्हाद ओगले यांनी मला शिकागोत विकत घेतलं.

डॉक्टर मला दाखवून रुग्णांना सांगत, "याचा पूर्वज कांस्याचा होता, टिंबांच्या जागी बारीक भोकं असलेला. हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये त्याच्यात पाणी भरून वरून मेण लावत. विद्यार्थ्याची सुई नेमक्या भोकात गेली की पाणी बाहेर येई. तो पास!" मला अभिमान वाटे. पण पुढे ते सांगत, की एका बादशहानं दरबारी वैद्यांना ही विद्या बंद केली आणि शंभराहून अधिक वर्षांनी तिथल्याच नव्या सरकारनं ती डोक्यावर घेतली. मग ही विद्या खरी की खोटी? मी गोंधळून जाई.

निवृत्तीनंतर डॉक्टरांनी शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या घरी, बेसमेंटमध्ये छोटं क्लिनिक थाटलं. २००७ साली तिथे सुचित्रा आली. मूळची नागपूरची, आयटीतली. कॅन्सरसाठी तिची केमो चालू होती आणि पोटात पाणीही ठरत नव्हतं. डॉक्टरांनी तिच्या मनगटाच्या आतल्या बाजूला सुया लावल्या. पुढच्या खेपेला ती हसतच आली.

"काका, मी पोळीभाजी खाल्ली!"

मी फुलून गेलो. तेवढ्यात ती म्हणाली, "आता केमो कॅन्सल करते. सुयांनीच बरी होईन."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "नाही सुचित्रा. सुईनं मळमळ कमी होते, गाठ जात नाही."

"मग हा पुतळा कशाला ठेवलाय?"

"खरं सांगू? जर्मनीत पाठदुखीवर अभ्यास झाला. भलत्याच जागी सुया टोचल्या, तरी जवळजवळ तेवढाच आराम पडला. असं का होतं, मला माहीत नाही."

ती रागानं निघून गेली. मित्रांनो, माझी काय अवस्था झाली म्हणून सांगू! टिंबांना अर्थ नसेल, तर मी कोण? आणि तिची मळमळ थांबवली कोणी?

केमोच्या दिवशी डॉक्टर स्वतःच तिच्या घरी गेले. संध्याकाळी परतल्यावर ते पत्नीला, रेखाकाकूंना, सांगत होते, "दार उघडून म्हणाली, 'काका, मला भीती वाटतेय.' म्हटलं, मलाही. चल, मी ड्राइव्ह करतो." सलाईन संपेपर्यंत ते तिचं मनगट अंगठ्यानं दाबून बसले होते.

"नेमकी जागा दाबलीत ना?" काकूंनी विचारलं.

"कोण जाणे. तिला झोप लागली, एवढं खरं."

सुचित्रानं सगळी केमो पूर्ण केली. आज ती बरी आहे. डॉक्टरांनी क्लिनिक बंद केलं आणि मी गराजमधल्या फळीवर धूळ खात उभा आहे. माझा गोंधळ काही सुटला नाही.

माझी धूळ नाही पुसलीत तरी चालेल, मित्रांनो. पण तुमचं माणूस आजारी पडलं, तर त्याचं औषध चुकू देऊ नका आणि त्याचा हात धरून बसा. नेमका कुठे धरायचा, ते मला विचारू नका.