बरणीतली साखर

स्वयंपाकघरात बरणी फुटली तेव्हा आई गच्चीत कपडे वाळत घालत होती. धावत आत आली, तोवर नवऱ्याने पोरीची वेणी धरलीच होती. भिंतीवर काळा चिखल, फरशीभर काचा.

"काय टाकलंस आत?"

"काही नाही, बाबा."

सणकन कानाखाली बसली. डोकं कपाटावर आपटलं.

"शेवटचं विचारतोय."

"खडू." पोरीच्या ओठातून रक्त येत होतं. "मी खडू टाकला."

"बघ, कशी लगेच कबूल झाली," तो बायकोला म्हणाला. "तुझ्या लाडीगोडीत संध्याकाळ झाली असती."

पुन्हा उगारलेला हात तिने मध्ये पडून खांद्यावर झेलला.

बरणी तिचीच होती. ती सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत कामाला. नाल्यातल्या चिखलातले जंतू वीज कशी करतात, हे लेकीला दाखवायला तिने ती घरी आणली होती. त्या विजेवर इवलासा दिवा लागायचा. जंतूंना खायला रोज थोडं पातळ व्हिनेगर, बस. आता मात्र आंबूस वास येत होता. फुटलेल्या झाकणाला पाक चिकटला होता.

"खडू कुठला? ही साखर आहे. कोणी घातली?"

त्याचा हात सैल पडला. "मी. काल. दिवा मिणमिणत होता, म्हटलं बिचाऱ्यांना गोडधोड मिळू दे. वास यायला लागला म्हणून झाकण घट्ट केलं."

"व्हिनेगर वीज करणाऱ्या जंतूंच्या अंगी लागतं. साखरेवर दुसरेच जंतू तुटून पडतात. आंबवतात, वायू करतात, आणि घट्ट झाकलेली बरणी फुटते. वीज राहते बाजूला." तिने पोरीच्या ओठावरचं रक्त पुसलं. "तुझ्या थपडेचं तेच आहे. कबुली झटपट मिळाली, पण खोटी. आत काय साठतंय ते तुला दिसत नाही. पुन्हा हात उचललास तर आम्ही दोघी या घरात नसू."

तो पोरीसमोर खाली बसला. "खडू नव्हताच ना गं?"

पोरीने दोन्ही हात डोक्यावर घेतले. "मीच टाकला, बाबा. खरंच."

तेव्हा मात्र तो मोडला. "साखर मी घातली, पिल्ला. चूक माझी आणि मार तू खाल्लास. पुन्हा नाही मारणार."

भिंत पुसायला त्याने फडकं उचललं, तर पोर दचकून आईमागे दडली. तो तसाच, हात खाली ठेवून थांबला.

"एक ठेवून दिली की पोर सरळ होतं," असं आपण सगळेच आईबाप सहज म्हणतो. पोर सरळ होत नाही. ते फक्त आपल्याला हवं ते बोलायला शिकतं. घरात भीती चारत राहिलो तर खरं बोलणं उपाशी मरतं, आणि ते पुन्हा जगवायला एका माफीने भागत नाही.