पांढरी राहिलेली पट्टी

दामिनीने विहिरीच्या पाण्यात कागदाची पट्टी बुडवली आणि भोवती जमलेल्या बाया वाकून पाहू लागल्या. अकोल्याच्या प्रयोगशाळेत कित्येक वर्षं राबून तिने ती बनवली होती. माणसाच्या नसांना लागतं तसंच एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्या कागदावर होतं. पाणी स्वच्छ असलं की विकर काम करायचं आणि कागद निळा व्हायचा. फवारणीचं औषध पाण्यात उतरलं असलं की विकर बंद पडायचं.

कागद पांढराच राहिला.

"उन्हानं बिघडला असन," पार्वताबाई म्हणाली. ही दामिनीची सख्खी मावशी. हल्ली तिच्या हातांना कंप सुटला होता, म्हणून तर दामिनी भातकुलीकडच्या या गावात आली होती.

दामिनीने सोबत आणलेलं शुद्ध पाणी दुसऱ्या पट्टीवर टाकलं. ती बघता बघता निळी झाली.

"मंग आमी काय पेवाव?" मावशीचे यजमान खुशालराव म्हणाले. "हा खारपाण पट्टा हाय, पोरी. बोअरच्या पाण्याले ढोरं तोंड लावत नाई. गोडं पाणी याच विहिरीत."

दामिनी गावासाठी टँकर मागायला अमरावतीच्या पाणीपुरवठा कचेरीत गेली. साहेबांनी पट्टी उलटसुलट करून पाहिली. ही पद्धत मान्य नाही, म्हणाले. मग रीतसर नमुना सरकारी प्रयोगशाळेत गेला आणि पाणी पिण्यायोग्य ठरलं. ते औषध तिथे तपासतच नव्हते. टँकरची गोष्ट तिथेच संपली.

तिने मावशीकडे पट्ट्यांचा डबा ठेवला. फवारणी थांबल्यावर पाणी कधी निवळतं, ते तरी कळेल. दिवाळीनंतर आली, तर डबा फळीवर तसाच, अर्धा भरलेला.

"काय झालं मावशी? पाहत नाहीस?"

"पाह्यलं न माय. रोज पाहो, रोज पांढरी. मंग पाण्याचा गुंड भरतानी जीव घाबरे, अन् भरा तं लागेच. आता पाहतच नाई. तेवढीच झोप लागते."

अकोल्याच्या प्रयोगशाळेत अशा शेकडो पट्ट्या पडून होत्या.

मावशीने गुंडातलं पाणी घेऊन चहा ठेवला. दोन्ही हातांनी कपबशी धरून आणली, तरी निम्मा चहा बशीत सांडला. ती समोर बसली, कौतुकाने भाचीकडे पाहत. दामिनीने बशी उचलली आणि चहा संपवला.