फादरांच्या कपातला चहा

मत कुठे पडणार हे माणसाच्या तोंडावरून कळत नाही, कपबशीवरून कळतं, असा बॅप्टिस्ट तुस्कानोचा सिद्धान्त होता. माडभाट ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत त्याने स्वतः कधी अर्ज भरला नाही. पण कुणाचा भरायचा आणि कुणाचा मागे घ्यायला लावायचा, हे बरीच वर्षं त्याच्याच ओट्यावर ठरत आलं होतं. केळी आणि पडवळ ही त्याची शेती, आणि मतं हे दुसरं पीक. पहिल्यात तोटा यायचा, दुसऱ्यात सहसा नाही.

सिद्धान्त असा. दार अर्धवट उघडून, हातातली शेंग सोलता सोलता जी बाई "काय, आता आठवण झाली का आमची?" म्हणते, ती आपली. गटारावरून चार शब्द सुनावेल, पाणीसुद्धा विचारणार नाही, पण मत देईल. जिथे खुर्ची पुसली जाते, पंखा लागतो आणि शोकेसमधले सोनेरी काठाचे कप बाहेर येतात, तिथून लवकर उठावं. ते कप एरवी फादर घराला आशीर्वाद द्यायला आले तरच निघतात. ज्याला काही द्यायचं नाही, त्याची सरबराई माणूस जीव ओतून करतो.

या खेपेला दोन नंबर वॉर्डातली एक जागा महिलांसाठी निघाली आणि बॅप्टिस्टने आपल्या सुनेला, सॅन्ड्राला उभं केलं. सॅन्ड्रा सातिवलीच्या एका कारखान्यात हिशेब बघायची. बी.कॉम., बोलणं नेमकं, गावात कुणाशी वाकडं नाही. वाकडं व्हायला तिला वेळच नव्हता. सकाळी साडेआठला स्कूटर काढायची, ती सातला परत. समोरच्या पॅनेलने अंगणवाडीत मदतनीस राहिलेल्या एलिसाला तिकीट दिलं. बॅप्टिस्टच्या पॅनेलचा म्होरक्या फर्डिनंड त्याच वॉर्डातल्या सर्वसाधारण जागेवर उभा होता. त्याच्याकडे जीप होती, आवाज होता आणि हिशेब सोडून बाकी सगळं होतं.

प्रचार संपायला दोन दिवस उरले, तेव्हा बॅप्टिस्टच्या अंदाजाने सॅन्ड्रा थोडक्यात, पण निघत होती. फिरायची राहिली होती ती फक्त त्याच्या बहिणीची आळी.

"तिथे कशाला पेट्रोल जाळायचं?" फर्डिनंड म्हणाला. "घरचीच सहा मतं."

"तोंड दाखवून येऊ," बॅप्टिस्ट म्हणाला.

रोझलीन ही त्याची धाकटी बहीण, लग्न होऊन घोन्साल्विसांकडे पलीकडच्या आळीत गेलेली. तिच्या घरी बॅप्टिस्ट कधी पुढच्या दाराने गेला नव्हता. विहिरीकडून शिरायचं, पपई दिसली तर काढायची, तिने "ठेव ती, पिकली नाही" म्हणून ओरडायचं, अशी रीत होती. आज फर्डिनंड बरोबर होता म्हणून तो पुढून गेला. दार उघडलं ते मेव्हणा ऑगस्टीनने, आणि बॅप्टिस्टला पहिली शंका तिथेच आली. ऑगस्टीनने शर्ट घातला होता.

"या ना, बसा," आतून रोझलीन आली. "उन्हाचे आलात."

भाऊ-बहीण जन्मापासून एकमेकांशी घरच्या बोलीत बोलत आले होते, भांडणंसुद्धा त्याच बोलीत. हे 'या ना, बसा' मात्र ती रविवारी चर्चमध्ये वाचन करते त्या मराठीत होतं. खुर्ची पुसली गेली. पंखा लागला. मग ट्रे आला. सोनेरी काठाचे दोन कप, मध्ये रवा केकच्या चौकोनी वड्या, त्यांच्याखाली कागदी जाळी.

फर्डिनंड खूश झाला. "बघा, याला म्हणतात मान! बॅप्टिस्टबाब, तुमच्या बहिणीकडे आमचा असा पाहुणचार, तर मतपेटीत काय होईल!" त्याने दोन वड्या खाल्ल्या, तिसरी उचलली, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. एव्हरशाईन सिटीत फ्लॅट घेऊन राहायला गेलेल्या, पण नाव गावातच ठेवलेल्या मतदारांच्या गाड्यांचं काहीतरी होतं. तो बोलत बोलत अंगणात गेला.

बॅप्टिस्टने कपाला हात लावला नव्हता.

"रोझी, काय झालं?"

"कुठे काय? साखर कमी आहे का?"

"हे कप कशाला काढलेस?"

"पाहुण्यांसाठीच असतात ना."

"मी कधीपासून पाहुणा झालो?"

"ते तुम्ही ठरवलंत," रोझलीन म्हणाली. "बायकांची सीट निघाली त्या संध्याकाळी."

महिला मंडळ इतकी वर्षं कोण चालवतं, पाइपलाइनच्या वेळी वसईला जाऊन तहसीलदारांपुढे कोण उभं राहिलं, पावसाचं पाणी साठवणारं बावखल बुजवायला डंपर आला तेव्हा कोण त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसलं, हे तिने सांगायची गरज नव्हती. तरी तिने सांगितलं, एकेक करून.

"आळीतली प्रत्येक बाई म्हणाली, आता तुझा दादा येणार तुझ्याकडे. मलाही वाटलं. दोन संध्याकाळी जास्तीचं जेवण करून ठेवलं."

"तू उभी राहिली असतीस?"

"नाही. सासूबाईंना सोडून मी कुठे मीटिंगांना बसणार?"

"मग झालं तर!"

"काय झालं? नाही म्हणायला आधी कुणीतरी विचारायला लागतं. माझं 'नाही' तुम्ही परस्परच म्हणून टाकलंत."

बॅप्टिस्टने आयुष्यभर केलं तेच केलं, सौदा टाकून पाहिला. "हे बघ, पॅनेल आलं की महिला मंडळाच्या हॉलचं काम तुझ्या हातात. हॉल कसा हवा, कुठे हवा, तूच—"

"केक घ्या ना अजून," रोझलीन म्हणाली.

उठताना त्याने विचारलंच, "एलिसाला शब्द दिलास?"

"ती अर्ज भरायच्या आधी आली होती. विहिरीवर बसून माझ्याबरोबर वाल सोलले आणि म्हणाली, मावशी, तुम्ही राहणार असाल तर मी भरत नाही. मग दिला शब्द. सहाही जणांचा."

जीपमध्ये फर्डिनंड म्हणाला, "ही सहा पक्की."

"पक्कीच," बॅप्टिस्ट म्हणाला. "पण तिकडे."

फर्डिनंडला समजायला दोन वळणं लागली. समजल्यावर त्याने जीप थांबवली आणि मागच्या सीटवरून मतदारयादी ओढली. बोट फिरवता फिरवता त्याचा चेहरा उजळला.

"हे बघा. तुमच्या बहिणीच्या घरातली सगळी नावं चुकलीत. घोन्साल्विसचं 'गोणसाळवी' केलंय. रोझलीनच्या पुढे 'पुरुष, वय २६'. तुम्ही आपले पोलिंग एजंट. नुसतं म्हणायचं, ओळख पटत नाही, आमचा आक्षेप आहे. अधिकारी बाहेरगावचा असणार, आपली नावं त्याला धड वाचता येत नाहीत. देईल परत पाठवून. आणि तुमची बहीण तुमच्याशी हुज्जत घालायला थांबणार नाही, तोंड फिरवून घरी जाईल. ती गेली की घर गेलं."

यातलं शेवटचं खरं होतं. फर्डिनंडकडून एवढा बारीक विचार बॅप्टिस्टने प्रथमच ऐकला होता.

"बघू," तो म्हणाला. लोक त्याला 'बघू' म्हणत तेव्हा ते मत तो कुठेच धरत नसे.

घरी सॅन्ड्राने विचारलं, "आत्याकडे काय म्हणाले?"

"केक दिला," बॅप्टिस्ट म्हणाला.

मतदान रविवारी होतं. मिस्सा सुटला तशी चर्चची गर्दी सरळ शाळेच्या रांगेत आली. खोलीत मतदान केंद्राध्यक्ष म्हणून जव्हारकडचे एक गुरुजी होते. सकाळपासून आलेल्या नावांनी ते घामाघूम झाले होते. यातलं नाव कोणतं आणि वडिलांचं कोणतं, हे प्रत्येक मतदाराला विचारून घेत होते. बाकावर एका टोकाला एलिसाचा एजंट ॲलिस्टर, दुसऱ्या टोकाला बॅप्टिस्ट.

दहाच्या सुमाराला रोझलीन आत आली. मागे सासू आल्बिनाला धरून ऑगस्टीन आणि तिघं मुलं. दारात फर्डिनंडही येऊन उभा राहिला. उमेदवार असल्यामुळे त्याला कुणी हटकलं नाही.

"रोजलिन अगस्ती गोणसाळवी," गुरुजींनी वाचलं आणि चष्मा वर केला. "पुरुष. वय सव्वीस."

रांगेत खसखस पिकली. रोझलीनने आधारकार्ड पुढे केलं. त्यावर सगळंच वेगळं होतं. गुरुजींनी कार्ड पाहिलं, यादी पाहिली, बाई पाहिली.

"एजंट लोकांनी सांगावं. ओळखता का यांना?"

"ओळखतो सर, बरोबर आहे," ॲलिस्टर म्हणाला.

"तुमचं काय?" गुरुजी बॅप्टिस्टकडे वळले. "आक्षेप असेल तर आत्ताच सांगा. मग मला चौकशी करावी लागेल, त्यांना बाजूला थांबावं लागेल."

फर्डिनंड दारात खोकला. मग पुन्हा खोकला.

बॅप्टिस्टच्या डोक्यात बेरीज आधीच झालेली होती. ही सहा मतं पडली तर सॅन्ड्रा गेली, नाही पडली तर आली. इतका सरळ हिशेब त्याला उभ्या कारकिर्दीत मिळाला नव्हता. रोझलीन त्याच्याकडे बघत नव्हती. शाई लावायच्या बाटलीकडे बघत होती आणि आधारकार्ड परत पर्समध्ये ठेवायला लागली होती.

"ओळखतो," बॅप्टिस्ट म्हणाला. "सख्खी बहीण माझी. आक्षेप नाही."

"मग हे 'पुरुष' कसं?"

"साहेब, गावातले पुरुष हिला घाबरतात. यादी करणारा त्यात फसला असेल."

खोली हसली, गुरुजीही हसले. रोझलीनने बोट पुढे केलं. शाई लागली, ती पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली, यंत्र वाजलं. मग आल्बिना, ऑगस्टीन, मुलं. प्रत्येकाच्या नावाला गुरुजी बॅप्टिस्टकडे बघत आणि बॅप्टिस्ट मान हलवी. पाचव्यांदा मान हलवली तेव्हा फर्डिनंड दारात नव्हता.

सोमवारी वसईला मोजणी झाली. सॅन्ड्रा चार मतांनी पडली. फर्डिनंड सत्तरने निवडून आला, आणि सगळ्यांत जास्त संताप त्यालाच आला होता. सहा वजा केले असते तर दोनने सीट आली असती, हे गणित दुपारपर्यंत गावातल्या शाळकरी पोरांनाही पाठ झालं.

सॅन्ड्रा घरी आली, पर्स खुंटीला लावली आणि सासऱ्यासमोर बसली.

"फर्डिनंड अंकल म्हणत होते, तुम्ही आत्याला ओळखत नाही म्हणायला हवं होतं."

"मोठ्याने म्हणाला?"

"तहसीलच्या पायऱ्यांवर. माइक नव्हता एवढंच."

"मग? मी बहिणीला ओळखत नाही, हे गावात कुणाला पटलं असतं?"

"ते बरोबरच केलंत," सॅन्ड्रा म्हणाली. "माझं विचारणं वेगळं आहे. अर्ज भरताना मी विचारलं होतं, आत्या नाही का राहत? तुम्ही म्हणालात, विचारलं, ती नको म्हणाली."

बॅप्टिस्टने पायाजवळची केळीची सोपटं गोळा करायला घेतली.

"नकोच म्हणाली असती."

"असती?"

त्याने सोपटं जुळवून बाजूला ठेवली. "ती निवडून आली असती. पण पंचायतीत बसून माझं एक ऐकलं नसतं. तू ऐकशील असं वाटलं."

सॅन्ड्राने त्याच्याकडे नीट पाहिलं. कारखान्यातल्या बिलात खाडाखोड सापडली की ती अशीच बघत असावी.

"म्हणजे आत्याला वाटतंय, मी माहीत असून तिच्या जागेवर जाऊन बसले."

"उद्या सांगतो मी तिला."

"आज काय आहे तुम्हाला? मोजणी तर संपली."

बॅप्टिस्टने चपला घातल्या. नाक्यावर फर्डिनंडची मिरवणूक आडवी आली, पुढे बँजो, मागे टेम्पोवर स्वतः फर्डिनंड गुलालात न्हालेला. त्याने बॅप्टिस्टला बघून न बघितल्यासारखं केलं. पण पोरांना कोण जिंकलं, कोण हरलं याच्याशी मतलब नव्हता, त्यांनी मूठभर गुलाल त्याच्या डोक्यावर टाकला. बॅप्टिस्ट हात आडवा करत गर्दीतून पलीकडे निघाला. गुलाल झटकला, तो अजूनच पसरला.

विहिरीवर रोझलीन भांडी घासत होती. आतून आल्बिनाने विचारलं, "कोण आलंय गं?"

"दादा आलाय, आई," रोझलीन घरच्या बोलीत म्हणाली. "हरून आलाय, पण रंग जिंकल्याचा आहे."

बॅप्टिस्ट विहिरीच्या कठड्यापाशी उभा राहिला. बसला नाही.

"रोझी, सॅन्ड्राला काही माहीत नव्हतं," तो म्हणाला. "तुला विचारलं आणि तू नाही म्हणालीस, असं मीच तिला सांगितलं होतं."

रोझलीनने हातातलं पातेलं खाली ठेवलं.