खालच्या वाडीची जागा

भागूबाई पाळण्यात असतानाच जयगडची खालची वाडी समुद्राने गिळली. त्यांचं माहेरघर नेमकं कुठे होतं, हे सांगणारं आता कोणी उरलं नव्हतं. नात हेतलने भूमी अभिलेख कार्यालयातून जुना नकाशा मिळवला आणि तो मोबाईलवरच्या आजच्या नकाशाशी जुळवून पाहिला. घर भर पाण्यात येत होतं. तिने आजीला तसं सांगितलं.

"मग होडीने जाऊ," भागूबाई म्हणाल्या.

मुलगा गंगारामने होडी काढली. हेतलने हात वर करताच त्याने इंजिन बंद केलं.

"आजी, घर इथे. आणि विहीर तिथे, त्या अंगाला."

भागूबाईंनी वाकून पाण्यात हात बुडवला. त्यांची आई तिथून पाणी शेंदून इथेच आणत असणार. बराच वेळ त्यांनी हात काढला नाही.

गंगारामची मान खाली गेली होती. "आये, जन्मभर मी इथेच जाळं टाकत आलो. मला ठाऊक नव्हतं गं."

"टाकत जा," त्या म्हणाल्या. "आजाच्या अंगणातलंच खाल्लंस, बाबा."