तारा फुटलेली विलायची

मित्रांनो, ज्या दिवशी रत्नमालाबाई गेल्या, त्या दिवशी मी त्यांच्याच दुकानात टेबलावर पाठ उघडी टाकून बसलो होतो. मी एक जुना रंगीत टीव्ही आहे. पुढून चौकोनी आणि मागून कुबड आलेला. तुमच्या घरात भिंतीला टांगलेला असतो तसा पातळ नाही. माझे मालक दुसरे, गाव केनवडच. दुकान देवमनभाऊंचं. ते टीव्ही दुरुस्त करतात आणि रत्नमालाबाई त्यांच्या पत्नी.

त्या सकाळी रत्नमालाबाई नणंदेबरोबर, म्हणजे बेबीताईंबरोबर, तपासणीसाठी वाशीमला गेल्या होत्या. दुपारी फोन वाजला. देवमनभाऊंनी ऐकून घेतलं. हातातला तापलेला सोल्डरिंग आयर्न नीट त्याच्या जागेवर ठेवला आणि अनवाणीच बाहेर पडले. शेजारचा चहावाला गोविंदा आत आला. त्याने बटण बंद केलं आणि रस्त्यावरच्या कुणाला तरी सांगितलं, "रत्नमाला वहिनी गेल्या. दवाखान्यातच." मग शटर खाली आलं. मला कळलं ते असं.

पण मी तुम्हाला माझी गोष्ट सुरुवातीपासून सांगायला हवी. ती आनंदाचीच जास्त आहे.

मी कारखान्यातून खोक्यात बसून आलो, तेव्हा मला सीताबाईंनी घेतलं. केनवडजवळ त्यांचा भाजीचा मळा आहे. मोटारसायकलवर पुढे त्यांचे यजमान भगवंतराव, मागे सीताबाई आणि मधे मी. सीताबाईंनी मला असं घट्ट धरलं होतं, की लेकराला कुणी इतकं धरत नाही. घरी नेऊन त्यांनी मला कोनाड्याजवळच्या स्टुलावर बसवलं आणि माझ्या डोक्यावर भरतकामाचा रुमाल टाकला.

त्या घरात माझ्यासाठी एक नियम होता. संध्याकाळी मालिका बघायची असेल, तर जुड्या बांधायच्या. दुसऱ्या दिवशी बाजारात न्यायचा सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि मेथी सीताबाई माझ्यासमोर पसरून ठेवायच्या. आळीतल्या बाया यायच्या, मांडी घालायच्या आणि डोळे माझ्याकडे ठेवून हातांनी जुड्या बांधायच्या. मालिकेत सून रडायला लागली, की जुड्या सैल व्हायच्या. जाहिराती लागल्या, की हात भराभर चालायचे. मालिका संपेपर्यंत टोपली भरलेली असायची. घरभर मेथीचा वास आणि हसण्याचा आवाज. सगळे मला "सीताबाईचा टीव्ही" म्हणत. भगवंतरावांचं नाव कुणी घेत नसे. त्यांनीही कधी मनाला लावून घेतलं नाही.

पुढे वय झालं. माझं चित्र वरून खालून दबायला लागलं. सीताबाई मला घेऊन देवमनभाऊंच्या दुकानात आल्या, तेव्हा काउंटरवर रत्नमालाबाई होत्या.

"काहून हो रत्नमाला," सीताबाई म्हणाल्या, "ह्याच्यातली सारी मानसं बुटकी होऊन राह्यली. काल मालिकेतला नवरदेव आला, तं घोड्यापेक्षा रुंद दिसे."

"ठेवा इथं. बाजाराच्या दिवशी घेऊन जा."

"कोनत्या बाजाराच्या?"

"बाजार तं दर आठवड्याले भरते नं बाप्पा. कोनत्याबी या."

असा त्यांचा कारभार होता. प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच उत्तर. पण वस्तू दुरुस्त झाल्याशिवाय राहत नसे, म्हणून कुणी रागावत नसे.

दुकानात मला एक नवल दिसलं. देवमनभाऊंच्या हाताशी स्टीलचा गोल मसाल्याचा डबा होता. आत वाट्या, वर घट्ट झाकण. स्वयंपाकघरात असतो तोच. मात्र वाट्यांमध्ये मसाला नव्हता. जुन्या, मेलेल्या संचांमधून काढलेले चांगले भाग होते. रत्नमालाबाई ते काढायच्या, मीटर लावून तपासायच्या आणि वाटीत ठेवायच्या. लग्नानंतर पहिल्यांदा दुकानात बसल्या, तेव्हा देवमनभाऊ एकेक इंग्रजी नाव घेऊन भाग मागू लागले. त्या म्हणाल्या होत्या, "मले कळन असं सांगा." मग दोघांनी मिळून नवी नावं ठेवली. बारीक लांबट रेझिस्टन्सला जिरं. काळं डोकं आणि तीन पाय असलेल्या ट्रान्झिस्टरला लवंग. दोन पायांच्या जाडसर कंडेन्सरला विलायची. देवमनभाऊ मान वर न करता हात पुढे करायचे, "विलायची दे." आणि हातावर विलायची पडायची. एखादं नवं गिऱ्हाईक हे ऐकून पुन्हा पाटी वाचायला बाहेर जायचं.

माझी पाठ उघडल्यावर देवमनभाऊंना आजार लगेच सापडला. माझे दोन कंडेन्सर खराब झाले होते. ते बदलायचे, एवढंच काम होतं. त्याच दुपारी तो फोन आला.

मित्रांनो, त्यानंतरचे दिवस मी थोडक्यात सांगतो. देवमनभाऊ शटर अर्धं उघडून आत यायचे आणि स्टुलावर बसायचे. गोविंदा चहा ठेवून जायचा. चहावर साय यायची. कुणी वस्तू घेऊन आलं, तर ते नुसती मान हलवायचे. त्यांचा मुलगा प्रसेनजित नागपूरला नोकरी करतो. त्याचा फोन यायचा.

"बाबा, दुकान आवरा आता. इकडं या. तुमच्यासाठी खोली हाय."

"पाहू."

"पाहू पाहू कितीक दिवस म्हनान?"

शेवटी एक दिवस मुन्ना भंगारवाला दारात उभा राहिला, आणि देवमनभाऊ त्याला म्हणाले, "येत्या बाजाराच्या दिवशी ये. सारंच घेऊन जाय."

मला भीती वाटली, हे मी लपवत नाही. माझ्या काचेच्या गळ्याभोवती तांब्याची तार गुंडाळलेली आहे. भंगारात ती तार काढून घेतात. गळा मोडल्याशिवाय ती निघत नाही.

बाजाराचा दिवस उजाडला. मुन्नाच्या आधी सीताबाई आल्या. भगवंतरावांना भाजीजवळ बसवून आल्या होत्या.

"जय भीम, देवमनभाऊ. टीव्ही द्या माहा."

"झाला नाही तो, सीताबाई. सारंच भंगारात देऊन राह्यलो. अन् आता नवा हाय नं तुमच्या घरी? तुमच्या पोरानं, स्वप्निलनं, आनला म्हनते."

"आनला. त्याच्या खोलीत भितीवर टांगला. तिथं सोफा हाय. सोफ्यावर माती सांडते म्हनून बायायले बसू देत नाही. आता आळीतलं कोनी येत नाही. मी अन् भगवंतराव दोघंच जुड्या बांधून राह्यलो. त्यायची जुडी तं घरातून बाजारात जाईपर्यंत सुटते."

देवमनभाऊ जमिनीकडे बघत म्हणाले, "माहा हात नाही चालत आता."

"रत्नमालानं मले बाजाराच्या दिवशी देतो म्हनलं होतं. आज बाजार हाय."

देवमनभाऊंनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"किती मोठं काम हाय ते तरी सांगा."

"मोठं कायचं. दोन कंडेन्सर बदलाचे हायेत."

"दोनच? मंग बाकीचा कायले भंगारात देऊन राह्यले?"

देवमनभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांनी पाहिलं. मग उठले आणि डब्यासाठी टेबलाच्या कोपऱ्यात हात घातला. तिथं धुळीत एक गोल खूण होती. डबा नव्हता.

त्यांनी टेबलाखाली पाहिलं, फळ्यांवर पाहिलं, खोकी उपसली. दुकानामागेच घर आहे. तिथं बेबीताई अजून राहिलेल्या होत्या. त्यांना हाक मारली.

"ताई, इथला डबा कुठं हाय?"

"कोनता?"

"मसाल्याचा."

"तो होय? म्या उचलला. मसाल्याचा डबा दुकानात कायले, म्हनून. रत्नमालाच्या पुण्यानुमोदनाच्या स्वयंपाकाच्या दिवशी भांड्यायमंधी ठेवला. दुर्गाबाईच्या भांड्यायसंगं गेला असन तिच्याकडं."

"उघडून नाही पाह्यला?"

"मसाल्याचा डबा काय उघडून पाहाचा, देवमन? मसालाच असन नं त्यात."

देवमनभाऊ स्टुलावर बसले. बेबीताईंना काय झालं ते उमगलं नव्हतं, पण आपल्या हातून काहीतरी मोठं झालं, हे भावाच्या तोंडावरून कळलं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या. सीताबाईंनी गोविंदाला दुर्गाबाईंकडे पिटाळलं.

थोड्या वेळाने दुर्गाबाई स्वतःच आल्या. आळीत कुणाकडेही मोठा स्वयंपाक असला, तर तो दुर्गाबाईच करतात. डबा त्यांनी छातीशी धरला होता.

"हा तुमचा व्हय? म्या साऱ्या आळीले इचारलं," त्या म्हणाल्या. "काल मसालेभात कराले घेतला अन् हा उघडला. म्हनलं बाई, ह्या विलायचीले तारा काहून फुटल्या?"

कुणी हसलं नाही. सगळे देवमनभाऊंकडे बघत होते.

"मले वाटलं चष्म्याचा दोष असन," दुर्गाबाई पुढे म्हणाल्या. "म्हनून एक दाताखाली धरून पाह्यली."

"मंग?" सीताबाईंनी विचारलं.

"मंग काय. दात हालला."

आधी देवमनभाऊंच्या नाकातून एक आवाज आला. मला वाटलं ते रडताहेत. पण ते हसत होते. खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी आलं, चष्मा काढावा लागला. मग सीताबाई हसल्या, गोविंदा हसला. बेबीताईंना डब्यात काय होतं ते सीताबाईंनी समजावून सांगितलं, तेव्हा त्या कपाळावर हात मारून सगळ्यांत जास्त हसल्या.

"रत्नमाला असती, तं आज मले सोडलं नसतं तिनं," त्या म्हणाल्या.

"नसतंच सोडलं," देवमनभाऊ म्हणाले. "कोनती चावली, दुर्गाबाई? ती अलग काढा. गिऱ्हाइकाच्या टीव्हीत नाही टाकता येत."

मग त्यांनी माझ्या पाठीमागे दिवा ओढला. आत जुनी वीज साठून राहिलेली असते, ती आधी काढून टाकली. सोल्डरिंग आयर्न तापला. राळेचा धूर निघाला. हा वास मला मेथीच्या वासाइतकाच आवडतो. जुने दोन कंडेन्सर बाहेर आले. त्यातला एक माथ्यावर फुगला होता.

"हा तं फुगून बसला," सीताबाई वाकून म्हणाल्या. "चहाले उशीर झाला का भगवंतराव बसतात तसा."

देवमनभाऊंनी मान खालीच ठेवली, हात मागे केला आणि म्हणाले, "विलायची दे."

हात तसाच राहिला. बाहेर बाजाराचा गलका चालू होता. मग दुर्गाबाईंनी डब्यात बोटं घातली आणि त्या हातावर काहीतरी ठेवलं.

देवमनभाऊंनी ते डोळ्यांपुढे धरलं. "ही लवंग हाय, दुर्गाबाई. तीन पाय दिसत नाही का? दोन पायांची पाहा."

"इतकी वर्सं सैपाक करून राह्यली मी, अन् आज मले विलायची वळखता येत नाही," दुर्गाबाई कुरकुरल्या.

"सरक, मी देते," बेबीताई म्हणाल्या आणि त्यांनी जिरं दिलं. मग दोघींची डब्यावरून ओढाताण झाली. योग्य विलायची मिळेपर्यंत सीताबाई दाराला टेकून हसत होत्या. देवमनभाऊंनी आकडा वाचला, मीटर लावला, विलायचीच्या अंगावरचा पट्टा कोणत्या बाजूला यायला हवा ते बघितलं. उलटा बसला, तर कंडेन्सर फुटतो. एक बसवला. दुसरा बसवला. तारांची उरलेली टोकं कापली.

बटण दाबलं. आधी माझ्या काचेवर एक पांढरी रेघ आली. नंतर ती रेघ वर आणि खाली पसरत गेली आणि बातम्या देणारी एक मुलगी डोक्यापासून कमरेपर्यंत पुरी उभी राहिली.

"आता हिले मान आली," सीताबाई म्हणाल्या.

मित्रांनो, मला त्या वेळी किती बरं वाटलं, ते मी सांगू शकत नाही. अंग आखडून बसलेल्या माणसाला हात-पाय ताणायला मिळाले, तर कसं वाटेल, तसं.

तेवढ्यात मुन्ना गाडी घेऊन आला. "चला, चढवा भाऊ."

"नाही देत," देवमनभाऊ म्हणाले.

"काहून? तुमीच तं बोलावलं. मी गाडी रिकामी करून आलो."

"रिकामीच ने. अन् कुठं जुने टीव्ही, मॉनिटर भेटले, तं फोडाच्या आधी मले दाखव."

"म्हंजे आता मीच तुमाले द्यायचं? उलटा धंदा झाला हा." मुन्ना बडबडत राहिला. सीताबाईंनी त्याच्या गाडीत मेथीच्या दोन जुड्या टाकल्या, तेव्हा तो गप्प झाला.

मित्रांनो, माझ्यात शेकडो भाग आहेत. त्यातले दोन बिघडले होते. बाकीचे सगळे धडधाकट होते, तरी मी भंगारात निघालो होतो. तुमच्या घरात काही बंद पडलं, तर ते टाकण्याआधी एकदा त्याची पाठ उघडून बघणाऱ्याकडे न्या. आणि ते उघडून बघणारा माणूसच जर गप्प बसला असेल, तर त्याच्याकडे काहीतरी दुरुस्तीला घेऊन जा.

सीताबाई मला न्यायला संध्याकाळी बाजार उठल्यावर येणार होत्या. तोवर देवमनभाऊ थांबले नाहीत. गोविंदाचा चहा त्यांनी गरम असतानाच प्यायला. प्रसेनजितचा फोन आला, तर म्हणाले, "आता काम चालू हाय, मंग बोलतो." मग त्यांनी फळीवरून राजूचा मॉनिटर काढला. राजू झेरॉक्सचं दुकान चालवतो. मॉनिटरची पाठ उघडली, तर त्याचाही कंडेन्सर गेलेला होता. बेबीताईंनी आणि दुर्गाबाईंनी डब्यातल्या सगळ्या वाट्या पालथ्या केल्या.

मी घरी निघालो, तेव्हा तो मॉनिटर टेबलावर उघडाच होता. त्याला लागणारी विलायची रत्नमालाबाईंच्या डब्यात नव्हती. ती अकोल्याहून आणायची राहिली आहे.