अकरा मिनिटांचं गुणगुणणं

ज्या वर्षी माझ्या धाकट्या मुलाचं लग्न झालं, त्याच वर्षी आमच्या रक्तपेढीत लहरीमहाराज अवतरले. सकाळी नऊला पाच कमी असताना नोंदींच्या खोलीपुढे इतकी गर्दी व्हायची की रक्ताच्या पेट्या नेताना मला खांद्यानं वाट काढावी लागे. पेशंटचे नातेवाईक, समोरच्या चष्मेवाल्याची गिऱ्हाइकं, वरच्या मजल्यावरच्या नर्सा, सगळे टाचा उंचावून दारातून आत बघत. आत बघण्यासारखं होतं काय, तर टेबलाखाली ठेवलेलं एक करडं मशीन.

महाराज पांढऱ्या कपड्यांत येत. पायात मात्र चांगले भारीतले बूट. टेबलापाशी बसले की मला म्हणत, "शिपाईदादा, प्राण घाला." मी मेन स्विच वर करायचो. मशीन घरघरायला लागलं की महाराज त्यावर दोन्ही तळवे टेकत, डोळे मिटत आणि गुणगुणायला लागत. शब्द नाहीत, नुसता हुंकार. बरोबर अकरा मिनिटांनी हात काढून टायपिस्टबाईंना सांगत, "आता." बाई बटण दाबत आणि अर्ध्या मिनिटात रक्तदात्यांची नावं स्क्रीनवर उमटत. सगळी गर्दी एकदम श्वास सोडे.

"यंत्राला मन नसतं," महाराज सांगत, "पण लहरी असतात. संध्याकाळी त्या आपल्या मूळ स्थानी परततात. सकाळी मी फक्त निरोप धाडतो, की बायांनो, कामाची वेळ झाली."

हे मूळ स्थान नेमकं कुठं, असं चष्मेवाल्यानं एकदा विचारलं. महाराजांनी छताकडे बोट दाखवलं. छताच्या वर नर्सांची कपडे बदलायची खोली होती. त्यावर चष्मेवाल्यानं पुढचा प्रश्न विचारला नाही.

पण हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती, कारण उलटा पुरावाही रोज डोळ्यांसमोर होता. महाराज येण्याआधी टायपिस्टबाईंनी घाई करून बटण दाबलं, तर स्क्रीनवर दोन ओळी इंग्रजीत येत आणि मशीन गप्प बसे. अशा वेळी काय करायचं तेही महाराजांनी सांगून ठेवलं होतं. रागावलेल्या यंत्राचा प्राण लगेच काढायचा आणि ते येईपर्यंत परत घालायचा नाही. म्हणजे मी स्विच खाली ओढायचो.

आता मागचं थोडं सांगतो. आमची दात्यांची यादी आधी वह्यांमध्ये होती. मग ती मशीनमध्ये गेली आणि पेढीच्या साहेबांनी वह्या रद्दीत घातल्या. आठ महिने मशीन बिनतक्रार चाललं, कारण ते रात्रंदिवस चालूच असे. मग एक दिवस कोठीतला पंखा जळाला, धूर झाला, आणि साहेबांनी हुकूम काढला की संध्याकाळी जाताना शिपायानं मेन स्विच खाली करून जायचं. मी केला. दुसऱ्या सकाळपासून मशीन रुसलं. ज्यांनी ते बसवलं होतं त्यांचं दुकान बंद झालं होतं, फोन कुणी उचलेना. चौथ्या दिवशी लहरीमहाराज आपणहून दारात उभे. म्हणाले, तुमच्या यंत्राचं दुःख ऐकू आलं.

स्विचचा हुकूम आणि मशीनचं रुसणं, या दोन गोष्टींची सांगड घालावी असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही. स्विच माझ्याच हातात होता, मलाही वाटलं नाही.

दोन महिन्यांत मामला मशीनपुरता राहिला नाही. नातेवाईक रक्ताची पिशवी महाराजांच्या हातून फिरवून मागू लागले. एका सुताराच्या बायकोनं तर महाराजांचा हात न लागलेली पिशवी परत पाठवली. डॉक्टर चिडले, पण साहेब म्हणाले, लोकांची श्रद्धा आहे, आपलं काय जातं.

काय जातं ते एका मंगळवारी कळलं.

त्या सकाळी आठ वाजता विहीणबाईंना आमच्याच इस्पितळात आणलं. म्हणजे माझ्या धाकट्या सुनेची आई. पोटातला व्रण फुटून आत रक्त वाहत होतं. ही बाई शाळेत मास्तरीण होती. लग्न ठरवताना मी कागदावर अंगठा उठवला, तो तिनं पाहिला, आणि लग्नानंतर दर रविवारी पाटी घेऊन घरी यायला लागली. माझं वय तेव्हा अठ्ठावन्न. "व्याहीबुवा, 'क'ला एवढं घाबरता, पुढे 'क्ष' आहे," असं म्हणायची. मला अक्षरओळख झाली ती तिच्यामुळे.

तिचा रक्तगट फार थोड्यांचा. पेढीत त्या गटाच्या दोनच पिशव्या होत्या, त्या लगेच लावल्या. डॉक्टर म्हणाले, आणखी चार तरी हव्यात आणि लवकर हव्यात. त्या गटाचे दाते आमच्या यादीत सात होते. यादी मशीनमध्ये होती.

आठ पंचविसाला मी स्विच वर केला. मशीन जागं झाल्या झाल्या टायपिस्टबाईंनी बटण दाबलं. त्याच त्या दोन ओळी आल्या. साहेब धावत आले आणि म्हणाले, स्विच खाली कर. मी त्यांना हात जोडून सांगितलं की आत माझी विहीण आहे, अजून एकदा करून बघू. साहेब वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता. म्हणाला, महाराजांशिवाय हात लावला आणि मशीन कायमचं बसलं तर सगळ्यांचीच यादी गेली, मग उद्या येणाऱ्या पेशंटला मी काय सांगू. मी स्विच खाली केला.

नऊ वाजले. महाराज आले नाहीत. कुठल्याशा गिरणीत यंत्राला प्राण द्यायला गेल्याचं कळलं. साडेनऊ झाले. गर्दी वाढत होती. टायपिस्टबाई आठवतील तेवढ्या दात्यांची नावं कागदावर लिहीत होत्या. त्यांना दोन नावं आठवली, नंबर एकही नाही.

नऊ चाळीसला सून खाली आली. यादीला एवढा वेळ का, म्हणून बघायला. ती एका कचेरीत असलीच मशीनं सांभाळायचं काम करते. साहेबांनी तिला सगळं समजावून सांगितलं, महाराज वाटेत आहेत हेही. तिनं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळली.

"बाबा, ते महाराज गुणगुणतात किती वेळ?"

"अकरा मिनिटं. रोज तेवढीच. घड्याळ माझ्यासमोरच असतं."

"आणि मशीन चालू कधी करता? गुणगुणायच्या आधी की नंतर?"

"आधी. ते आधी प्राण घालायला सांगतात."

"आणि बाई स्वतः करून बघतात तेव्हा?"

"तेव्हा चालू केल्या केल्या. आणि नाही झालं की मी बंद करतो."

तिनं एकदा डोळे मिटले. मग म्हणाली, "स्विच वर करा."

साहेब आडवे आले. तिनं आवाज चढवला नाही. म्हणाली, "साहेब, माझी आई वर आहे. मशीन बिघडवण्यात मला काय मिळणार? हवं तर माझ्या शेजारी उभे राहा. काय करतेय ते सांगून करते." साहेब बाजूला झाले नाहीत, पण मी स्विच वर केला. नोकरीत पहिल्यांदाच न विचारता.

मशीन जागं झालं. तिनं बटण दाबून त्या दोन ओळी आणल्या आणि बोट ठेवून वाचून दाखवल्या. नंतर ती एवढंच म्हणाली, की हा जो यादी सांभाळणारा सर्व्हर आहे, तो मुळात युनिक्स नावाच्या वेगळ्या पद्धतीच्या मशीनसाठी लिहिलेला आहे. तुमचं मशीन विंडोजचं. म्हणून बसवणाऱ्यानं विंडोजच्या पोटात त्याला ओळखीचं वाटेल असं घर बांधून दिलंय. त्या घरात एक मदतनीस आहे. बटण दाबलं की सर्व्हर उठतो आणि त्या मदतनीसाला हाक मारतो, तो हजर असेल तर काम पुढे जातं. हजर नसेल तर सर्व्हर तिथल्या तिथे अंग टाकतो. या ओळी तेच सांगताहेत, हाकेला ओ आली नाही.

"मग मदतनीस कुठाय?" साहेबांनी विचारलं.

तिनं दुसरी एक यादी उघडली. मशीनमधल्या अशा सगळ्या चाकरांची. एकापुढे लिहिलं होतं, उशिरानं सुरू होणे. "हा इथं झोपलाय. बाकीचे सगळे उठले, मशीनमधला व्हायरस शोधणाऱ्या प्रोग्रॅमनं सगळं मशीन चाळून काढलं, की मग याची पाळी. हे मशीन जुनं आहे, त्याला दहा मिनिटं लागत असतील. मशीन कायम चालू होतं तोवर हा कायम जागा होता." तिनं त्या नावावर दोनदा दाबलं आणि सुरू करा म्हटलं. पाच सेकंद. मग बाईंना म्हणाली, "दाबा."

नावं आली. नऊ वाजून बावन्न मिनिटं झाली होती.

तिनं पहिल्यांदा अख्खी यादी कागदावर छापून घेतली आणि मग आम्ही फोनला बसलो. मी एकेक नाव जुळवून वाचत होतो, ती नंबर लावत होती. सातांपैकी तिघे लागले. एक आजारी, एक परगावी. तिसरा वेल्डर होता, म्हणाला हातातलं काम टाकून निघतो, तासभर लागेल.

एवढ्यात महाराज आले. चालू मशीन पाहून क्षणभर थबकले आणि लगेच सावरले. "वाटेतूनच लहरी धाडल्या होत्या," ते गर्दीला म्हणाले. "वेळेवर पोचल्या ना?"

आणि खरं सांगतो, अर्ध्या गर्दीनं माना डोलावल्या. मदतनीसाचं सगळं ऐकून, डोळ्यांनी पाहून डोलावल्या.

मी सुनेला म्हटलं, तू वर जा. ती म्हणाली, "आईजवळ हे आहेत. मला डॉक्टर आत घेत नाहीत. आणि उद्या कुणा दुसऱ्याची आई असेल." मग महाराजांसमोर उभी राहिली. "यादी आता कागदावर आहे, मशीन अर्धा तास बंद पडलं तरी कुणाचं अडणार नाही. मी त्या मदतनीसाला सक्तीची रजा देते. तुम्ही मशीन उठवून दाखवा."

महाराज म्हणाले, अविश्वासाच्या सावलीत लहरी उतरत नाहीत. ती म्हणाली, मी बाहेर थांबते, माझी सावलीही बाहेर. आणि खरंच दाराबाहेर गेली. चष्मेवाला पहिल्यांदा मोठ्यानं हसला.

आता मागे फिरायला जागा नव्हती. मी स्विच खाली-वर केला. महाराजांनी तळवे टेकले. अकरा मिनिटं झाली, बाईंनी बटण दाबलं, दोन ओळी आल्या. महाराजांनी पुन्हा सुरुवात केली. या वेळी मी त्यांचा चेहराच बघत होतो. दर थोड्या वेळानं एक डोळा किलकिला होऊन घड्याळाकडे जात होता. लहरींना बोलावणाऱ्या माणसाला घड्याळ कशाला लागतं? बाविसाव्या मिनिटाला पुन्हा त्याच दोन ओळी. महाराजांच्या पांढऱ्या कॉलरला घाम सुटला होता.

सून आत आली. मदतनीसाला होता तसा उशिराच्या पाळीवर लावून म्हणाली, "बाबा, स्विच. आता कुणीही गुणगुणू नका." आम्ही नुसते उभे राहिलो. चष्मेवाल्यानं वेळ जावा म्हणून कुठलंसं चहाटळ गाणं शिट्टीवर वाजवलं. अकरा मिनिटांनी बाईंनी बटण दाबलं आणि नावं आली.

"म्हणजे शिट्टीनं झालं," चष्मेवाला म्हणाला. "उद्यापासून मलाच बोलवा."

या हशात महाराज दारातून कधी निसटले ते कळलं नाही. टायपिस्टबाईंनी मात्र त्यांना आता नीट ओळखलं. मशीन बसवायला आलेल्यांमध्ये वायरी ओढणारा एक जण होता, तोच हा. दहा मिनिटं थांबा ही सूचना त्यानं तेव्हाच ऐकली असणार. आमच्यापर्यंत ती पोचली नाही, त्याच्यापाशी राहिली. थांबण्यावर त्यानं हुंकार चढवला आणि ज्यानं आपणहून थांबून बघितलं असतं त्याला मशीन बंद करायला लावलं. सगळी करामत एवढीच.

लोक मला विचारतात, विहीणबाईंना महाराजानं मारलं का. यावर मी जपून बोलतो. साडेआठलाच यादी उघडली असती तर सव्वा तास वाचला असता, हे घड्याळात दिसतं. सव्वा तासानं त्या वाचल्या असत्या का, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. तेव्हा मीही सांगत नाही. राग कितीही असला तरी पुराव्याच्या पुढे एक पाऊल टाकायचं नाही. टाकलं की आपणही लहरींच्याच धंद्यात शिरतो.

माझा स्वतःचा दोष मात्र पुराव्यानं शाबीत आहे. दोन महिने मी रोज ती अकरा मिनिटं मोजली आणि एकदाही विचारलं नाही की अकराच का. तुम्ही विचारा. चमत्कार करणाऱ्याला मागाहून विचारा, आधी स्वतःला विचारा. यानं काय केलं, आणि ते केलं नसतं तर काय झालं असतं? हे करून बघायला शिक्षण लागत नाही. स्विच खाली-वर करणाऱ्यालाही ते जमतं. अडतं ते विचारण्यापाशी.

वेल्डर अकरा वाजून पाच मिनिटांनी पोचला. त्याचं रक्त घेऊन, तपासून वर न्यायला बारा वाजले. पिशवी मीच नेली. ती निम्मी गेली असताना, त्या मंगळवारी दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी, विहीणबाई वारल्या. त्यांचं वय त्रेपन्न होतं.