उजवा कौल

कौल म्हणजे काय, हे गेली एकोणीस वर्षं मी संगमनेरच्या कॉलेजात फिजिक्सच्या तासाला दाखवतो. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावी भैरोबाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. मी वर्गात शेंदूर फासलेली फरशी उभी करतो आणि एका बाजूला तेल लावतो. चाळीसपैकी अडतीस वेळा तेलाकडचीच पाकळी आधी घसरते. पोरं टाळ्या वाजवतात आणि मी भाव खातो.

यंदा माझ्या आईच्या, रतनबाईच्या, हृदयाची झडप निकामी झाली. महिनाभरात ऑपरेशन करा, नाहीतर आमच्या हातात काही नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आई म्हणाली, "भैरोबानं उजवी दिली तर करीन. डावी दिली तर मला घरीच मरू दे."

मी समजावलं, ओरडलो, शेवटी रडलोसुद्धा. ती ढिम्म. एवढ्याशा पाकळीवर माझ्या आईचा जीव टांगलेला! म्हटलं, आता काट्यानंच काटा काढायचा.

रविवारी सकाळी गुरवीण लंकाबाई पाण्याला गेली तेवढ्यात मी देवळात शिरलो. वडील गेले तेव्हा भैरोबाशी अबोला धरला होता, त्याला बत्तीस वर्षं झाली. समईतलं तेल देवाच्या उजव्या खांद्याला चोळलं, डावा रुमालानं कोरडा केला. बाहेर पडतो तर लंकाबाई घागर घेऊन समोर.

"आज इकडं कुनीकडं, सर?"

मी चपला शोधत राहिलो.

तासाभरानं आई आली. लंकाबाईनं पाकळ्या लावल्या. उजवी लगेच सटकली. आईनं हात जोडले आणि म्हणाली, "चल नगरला."

दुपारी वॉर्डात नर्सनं संमतीचा फॉर्म पुढे केला. मी पेन उघडलं, तर आईनं माझा अंगठा धरला. नखात शेंदूर होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तेल लावलंस व्हय देवाला?"

मी मान खाली घातली. "तुला कसं कळलं?"

"लंकाबाई म्हनली, सर येऊन गेले. तू उगं जातोस व्हय देवळात?"

"मग तरी आलीस?"

"पाकळीचं सोड रं. मी आधीच भैरोबाला बोलले हुते, माझं रुसलेलं पोर आपल्या पायानं तुझ्या दारात आलं, तर तीच उजवी समजंन." तिनं पदरानं माझं नख पुसलं. शेंदूर निघाला नाही. "आता सही कर लवकर. मला लई भ्याव वाटतंय."

मलाही वाटत होतं. मी सही केली.